सात नंबरचा पंच

"जाकीट काढ अन् याले दे," शेखरभाऊ म्हणाले.

अनिकेतने जाकीट काढलं. वेल्डरचं, पिवळ्या चामड्याचं, नवं कोरं. या व्हिडिओसाठीच नागपूरहून आणलेलं. माझ्या हातात न देता त्याने ते ड्रमावर ठेवलं. मी उचललं, घातलं. खांद्यात घट्ट होत होतं. मग त्याचं हेल्मेट, त्याचे हातमोजे. समोर स्टँडवर पाइप तिरका बसवून ठेवला होता.

शेखरभाऊ म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. चंद्रपूरच्या बाहेर, नागपूर रोडला वर्कशॉप. अनिकेत त्यांचा मुलगा. त्या दिवशी मोबाइल भाऊंनी स्वतः धरला होता.

"तोंड नको दिसू देऊ. फक्त हात अन् जाळ येऊ दे."

मी जोड मारला. चांगला मारला. मला वाईट मारताच येत नाही. भाऊ म्हणाले, "बस." मी हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, जाकीट उतरवलं. आता अनिकेतने तेच घालून, हेल्मेट वर सरकवून, त्या जोडाशेजारी हसत उभं राहायचं होतं. तिकडे ऑस्ट्रेलियात जो कोणी बघेल त्याला वाटावं, एकच माणूस.

अनिकेतने जाकीट दोन बोटांनी उचललं. नाकाजवळ नेलं. मग ऑफिसात गेला, डिओची बाटली घेऊन आला आणि फवारू लागला. बाह्यांमधून. कॉलरवर. आतल्या अस्तरावर. बराच वेळ फवारत होता.

"मासोळीचा वास येऊन राह्यला बे," तो म्हणाला. "तिकडच्या लोकाईले व्हिडिओतूनबी येईन."

सगळे हसले. ग्राइंडरवाला हसला. पेंटवाला हसला. भाऊ हसले. आणि मीही हसलो.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी हसलो. चार महिने मी गावी गेलो नव्हतो, मासोळीला हात लावला नव्हता. तरी संध्याकाळी खोलीवर जाऊन मी स्वतःचं मनगट हुंगून पाहिलं.

मी ढिवर. गडचिरोली जिल्ह्यात, अहेरीच्या पलीकडे, प्राणहितेच्या काठी माझं गाव. बाप नदीत जाळं टाकतो, आई अहेरीच्या बाजारात मासोळी विकते. मी सुट्टीवरून परत निघालो की शेखरभाऊंच्या घरून फोन यायचा: झिंगे आण, बोटव्या आण, ताज्या आण. आई पहाटेच निवडून ठेवायची. बर्फ घातलेला डबा मांडीवर धरून मी पाच-सहा तास बसने यायचो, तो त्यांच्या मागच्या दाराने आत द्यायचो आणि मग वर्कशॉपला जायचो. माझी मासोळी त्यांना चालत होती. खाताना वास येत नव्हता.

त्या दिवशी मला राग आला, असं म्हटलं तर ते खोटं होईल. राग फार उशिरा आला. त्या दिवशी आला तो हेवा.

हेवा तसा जुनाच होता. अनिकेत आणि मी एकाच वयाचे, एकोणतीस. मी त्याच्या इंग्रजीचा हेवा करायचो. त्याच्या पासपोर्टचा करायचो. त्याची आई रोज एक वाजता फोन करून "जेवला का" म्हणून विचारायची, त्याचासुद्धा करायचो. माझी आई त्या वेळी बाजारात खवले काढत असायची, तिच्याकडे फोनच नव्हता. आणि तो फोनवर वैतागून म्हणायचा, "हो ना मम्मी, काय कटकट लावली." त्या वैतागण्याचाही मला हेवा वाटायचा. एवढं असल्याशिवाय माणूस वैतागत नाही.

पण ऑस्ट्रेलियाचं निघालं तेव्हापासून हा हेवा जेवणात उतरला. ताट पुढे आलं की मला ते आठवायचं, आणि घास फिरायचा.

मला ते कळलं असं. भाऊंच्या केबिनच्या खिडकीची जाळी निघाली होती, ती मी लावत होतो. आत भाऊ आणि अनिकेत. नागपूरचा कन्सल्टंट फोनच्या स्पीकरवर समजावून सांगत होता. तिकडच्या एका राज्याला आपल्या आडभागासाठी कारागीर पाहिजेत. वेल्डर पाहिजेतच. राज्य तुमचं नाव पुढे करतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. नाव पुढे आलं की जादा गुण. मग त्या आडभागात काही वर्षं राहायचं, काम करायचं, कर भरायचा. त्यानंतर कायमचं राहायचा परवाना. बायकोपोरांसकट.

"पण मुख्य शहरात राहता येणार नाही हं," कन्सल्टंट म्हणाला. "दूर, लहान गावात राहावं लागेल."

"राहीन ना," भाऊ म्हणाले. "दोन-चार वर्स काढून टाकीन तो."

माझ्या हातातला स्क्रू तिथेच थांबला. आमच्याकडे एखाद्या साहेबाची बदली झाली की त्याच्या घरी सुतक पडतं. गडचिरोली! काय गुन्हा केला त्याने? आयटीआयला आमचे एक सर होते, ते पहिल्याच तासाला म्हणाले होते, मला शिक्षा म्हणून इथे पाठवलंय. आम्ही बाकांवर बसलेलो. आम्ही तर तिथेच जन्मलो होतो. आडभागात राहिलो म्हणून आम्हाला आयुष्यभर उणे गुण. आणि जगात एक देश असा आहे जो म्हणतो, आडभागात राहायला या, आम्ही जादा गुण देतो.

आडभागात राहणं मला कोणी शिकवायला नको होतं. बस नाही, लाइट नाही, डॉक्टर नाही, पुरात आठ-आठ दिवस रस्ता नाही. हे सगळं मी पोटातून शिकून आलो होतो. आणि वेल्डिंग मला येत होतं. त्यांना पाहिजे असलेला माणूस खिडकीबाहेर शिडीवर उभा होता, आणि तयारी खिडकीच्या आतल्याची चालली होती.

त्या रात्रीपासून मी मोबाइलवर त्या गावाचा नकाशा बघायला लागलो. कन्सल्टंटने नाव घेतलं होतं तेच गाव. रुंद रस्ते, पत्र्याची छपरं, एक नदी. नदी पाहून मी झुरलो. अनिकेतला पोहताही येत नव्हतं.

जळत बसण्यापेक्षा काही करावं, एवढी अक्कल मला होती. जटपुरा गेटजवळ रविवारी इंग्रजीचा क्लास लावला. आठ महिने. माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान पोरींच्या मागच्या बाकावर बसून शिकलो. नागपूरला जाऊन परीक्षा दिली. लागतात तेवढे गुण आले, वर थोडे उरले. कोणालाच सांगितलं नाही. आता राहिलं होतं अनुभवाचं पत्र. मालकाच्या सहीचं: हा माणूस माझ्याकडे वेल्डर म्हणून इतकी वर्षं कामाला होता.

मी भाऊंकडे गेलो. ते खुशीत होते, म्हणून तोच दिवस निवडला.

"तू?" भाऊ म्हणाले. "ऑस्ट्रेलिया?"

"हो जी."

ते हसले. वाईट हसले नाहीत. लहान पोराने विमान चालवतो म्हटल्यावर हसतात तसे हसले. ते मला जास्त लागलं.

"तू मस्टरवर हेल्पर हायेस बापू. हेल्परले तिकडे कोन बोलावते?"

"इंग्रजीची परीक्षाबी पास केली जी. सात वर्स वेल्डिंग केलं ना मी."

"ते काम झालं. कागद येगळा राह्यते."

मी बाहेर आलो. मला तेव्हाही फार भीती वाटली नाही. कारण माझ्याजवळ एक गोष्ट होती. सात नंबरचा पंच.

पंच म्हणजे पोलादाचा छोटा ठसा. मोठ्या कामात, बॉयलरच्या पाइपाला वगैरे, वेल्डरने आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा असतो. पुढे जोड फुटला तर कोणी मारला ते कळावं म्हणून. त्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते. मी ती कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी दिली होती. तिरक्या पाइपावर जोड मारायचा, मग त्याचा एक्स-रे काढतात. त्या दिवशी इन्स्पेक्टर आला, केबिनमध्ये चहा घेत बसला. काचेतून त्याला हेल्मेट घातलेला एक माणूस काम करताना दिसला, तेवढं त्याला पुरलं. फॉर्म भाऊंनी भरला. माझं आधार कार्ड कोणी मागितलं नाही. मला वाटलं, भाऊ बघतील.

एक्स-रे साफ आला. भाऊंनी पेढा दिला आणि दोन पंच हातावर ठेवले. एक वेल्डरच्या डब्ल्यूचा, एक सातचा.

"आजपासून तुहा नंबर सात."

सात वर्षं मी तो ठोकला. साखर कारखान्याच्या पाइपांवर ठोकला. पाण्याच्या टाक्यांवर ठोकला. सूरजागडकडून खनिज आणणाऱ्या टिप्परांचे फाटलेले हौदे मी रस्त्याच्या कडेला उताणा पडून जोडले, त्याला नंबर ठोकायची गरज नव्हती, तरी ठोकला. बसने जाताना एखादा टिप्पर बाजूने गेला की मी त्याच्या हौद्यावर माझा सात शोधायचो.

मी सर्टिफिकेट कधी बघायला मागितलं नाही. शिकलेला माणूस म्हणेल, केवढा मूर्ख. असेल. पण आमच्याकडे कसं चालतं ते सांगतो. प्राणहितेत संध्याकाळी जाळी टाकतात आणि सकाळी काढतात. रात्रभर जाळं नदीत एकटं असतं. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमच्या दोरीला आईच्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी, तीन गाठी मारून. ती चिंधी दिसली की दुसरा कोणी त्या जाळ्याला हात लावत नाही. भांडण झालं तर समाजाची बैठक बसते आणि चिंधी पुढे ठेवली की बोलणं संपतं. कागद नाही, सही नाही. खूण ज्याची, जाळं त्याचं. मी याच समजुतीने वाढलो. पंच माझ्या खिशात होता. मी ठोकत होतो. मग तो माझाच, अजून काय विचारायचं? ही चूक ढिवराचाच पोरगा करू शकतो.

अनिकेतची फाइल माझ्या हातात आली ती मुलाखतीच्या दोन दिवस आधी. तिकडचे लोक व्हिडिओवरून मुलाखत घेतात, कामातले प्रश्न विचारतात. अनिकेतने मला फाइल दिली आणि म्हणाला, "यातून ते काय काय विचारतील ते काढ अन् सोप्या शब्दात लिहून दे. तुले तं सगळं येते."

जेवणाच्या सुट्टीत मी ड्रमावर बसून फाइल उघडली. तिसऱ्याच पानावर सर्टिफिकेट होतं. तारीख माझ्या परीक्षेची. एक्स-रे नंबर त्याच पाइपाचा. वेल्डर नंबर: डब्ल्यू सात. नाव अनिकेतचं. फोटो अनिकेतचा.

पुढे फोटोच फोटो. माझे जोड. प्रत्येकाशेजारी माझ्या हाताने ठोकलेला सात. काही ठिकाणी तो थोडा डावीकडे कललेला, कारण मी हातोडी तशी मारतो. आणि शेवटी अनुभवाचं पत्र. इंग्रजीत, दोन पानं. हा माणूस सात वर्षं आमचा मुख्य वेल्डर आहे. उंचावर काम करतो. पाइपात शिरून काम करतो. नकाशा वाचतो. नव्या पोरांना शिकवतो. रस्त्यात बंद पडलेली गाडी जागेवर दुरुस्त करतो. सगळं खरं होतं. माझं आयुष्य इतकं नीट कोणीच लिहिलं नव्हतं. मी ते तीन वेळा वाचलं आणि मला त्या पत्राचाच हेवा वाटला.

मग हळूहळू डोक्यात शिरलं. ज्याचा मी हेवा करत होतो ते माझंच होतं. मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या अंगावर माझा सदरा बघून म्हणत होतो, वा, काय सदरा आहे, आपल्याला कधी मिळणार?

आणि तरीही मी प्रश्न लिहून दिले. हेही सांगितलं पाहिजे. वीस प्रश्न, वीस उत्तरं, शाळेतल्या पोरासारखी रेघा मारून. कारण अनिकेत म्हणाला होता, "मी तिकडे सेट झालो का तुले बोलावतो." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. पण ते वाक्य टाकूनही देववत नव्हतं. माणूस किती लाचार असतो ते मला त्या दोन दिवसांत माझ्याकडे बघून कळलं.

मुलाखत सकाळी होती. केबिनमध्ये एसी सुरू, दार बंद. अनिकेत लॅपटॉपपुढे, इस्त्रीचा शर्ट घालून. लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही असं बुटक्या स्टुलावर मी. मांडीवर पांढरी पाटी आणि मार्कर. प्रश्न आला की मी उत्तर लिहून पाटी वर धरायची. दाराशी भाऊ उभे.

मला पडदा दिसत नव्हता. पण अनिकेतच्या मागे काचेचं कपाट होतं, त्यात तो माणूस दिसत होता. पिकल्या मिशांचा, जाड बोटांचा गोरा माणूस. तो कागदावरचे प्रश्न विचारत नव्हता. कधीकाळी स्वतः वेल्डिंगचा होल्डर धरलेला माणूस होता, ते त्याच्या विचारण्यावरून कळत होतं.

त्याने विचारलं, जोडाचा पहिला थर आतपर्यंत नीट उतरलाय हे मारता मारता कसं ओळखतोस?

मला एकदम भरून आलं. सात वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. झालं का, किती वेळ लागेल, एवढंच विचारायचे. आणि मला ते सांगायचं होतं. जाळाच्या पुढे किल्लीच्या भोकाएवढं भोक उघडं राहतं. ते मिटू द्यायचं नाही, वाढू द्यायचं नाही. नजर त्या भोकावर आणि कान आवाजावर. आवाज बदलला की समजायचं, आत गडबड आहे. मी पाटीवर भराभर लिहिलं. अनिकेतने वाचलं. कपाटातला माणूस मान हलवून हसला आणि म्हणाला, छान. ते छान माझं होतं आणि मिळालं त्याला. मी बाहीने पाटी पुसली.

दुसरा प्रश्न. दुसरी पाटी. पुन्हा छान.

मग त्याने फाइलमधले फोटो समोर घेतले असावेत, कारण तो खाली बघत म्हणाला, प्रत्येक जोडाशेजारी मला डब्ल्यू सात दिसतंय. हा कोणाचा नंबर?

मी पाटीवर काही लिहिलंच नव्हतं. अनिकेतने माझ्याकडे पाहिलंही नाही. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाला, "माइन."

सगळ्या मुलाखतीत तो एकच प्रश्न त्याने स्वतः सोडवला. अडखळला नाही. पापणी लवली नाही. माझी गरजच पडली नाही.

तेव्हा आला राग. तोपर्यंत मला वाटत होतं, त्याला माहीत आहे की हे माझं आहे, आणि कुठेतरी त्याला टोचत असेल. काहीही टोचत नव्हतं. त्याच्या मनात तो नंबर खरोखर त्याचा होता.

पुढचा प्रश्न आला. मी मार्करला टोपण लावलं.

अनिकेत थांबला. माझ्याकडे बघू लागला. भाऊंनी हाताने खूण केली: लिव. मी पाटी पालथी करून मांडीवर ठेवली. भाऊंनी डोळे वटारले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सात वर्षांत मी भाऊंच्या डोळ्यांत पहिल्यांदा इतका वेळ पाहिलं. अनिकेत काहीतरी बोलायला लागला, अर्धवट, घाम फुटला, आणि मग भाऊंनी पुढे होऊन वायफायची वायर उपटली.

"नेट गेलं म्हणून सांगू त्याईले," ते अनिकेतला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय पायजे तुले? पगार वाढवू?"

"पत्र पायजे."

"कोणतं पत्र?"

"माह्या नावाचं. सात वर्स वेल्डर होतो म्हणून. अन् सात नंबरच्या परीक्षेले मी बसलो होतो, तेबी लिवा."

"हेल्परचं देतो. घे अन् चूप बस."

"वेल्डर लिवा जी."

"नाई लिवत," भाऊ म्हणाले. "काय करशीन?"

अनिकेत मध्येच म्हणाला, "अबे, मी बोलावणार होतो ना तुले!" त्याच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं होतं. जणू मीच त्याचं काही चोरलं होतं. मी पाटी टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. ग्राइंडरवाल्याने विचारलं, काय झालं? मी थेट फाटकाबाहेर पडलो, परत गेलो नाही. जाकिटावर हसला होता तो.

दुसऱ्या दिवशी अहेरीला गेलो. बाजाराचा दिवस होता. आई पालाखाली बसून मासोळी कापत होती. मी तिच्या बाजूला बसून सगळं सांगितलं. सर्टिफिकेटचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"तुह्या जाळ्यावर दुसऱ्याची चिंधी बांधली गा त्याईनं," ती म्हणाली, "अन् तुले सात वर्स दिसली नाई?"

मी म्हटलं, "नाई दिसली माय."

वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे बाबू, देव बघून घेईल. तिने तसं काही म्हटलं नाही. समोरच्या गिऱ्हाइकाची मासोळी पानात बांधून दिली आणि म्हणाली, "माह्या हातचे झिंगे खाल्ले ना त्याईनं? मग मांगून घे आपलं. रडत काऊन बसला इथी?"

रात्री मात्र ती बापाशी हळू आवाजात बोलत होती. पोरगा गेला दूर देशी तर आपलं कसं होईल, म्हणत होती. मी ऐकलं.

आता मी आलापल्लीच्या रस्त्याला एका शेडमध्ये टिप्पर जोडतो. परीक्षा परत दिली. या वेळी फॉर्म मी भरला, आधार कार्ड मी पुढे केलं, फोटो माझा लावला, आणि सर्टिफिकेट हातात पडल्यावर नावातलं एक-एक अक्षर तपासलं. पण अनुभव आता शून्यापासून मोजायचा. वय पुढे सरकतंय आणि वयाचे गुण कमी होतात. ही सात वर्षं मिळाली नाहीत तर नॉमिनेशन माझ्या हातचं गेलं, हे मला स्वच्छ कळतं.

मुलाखत घेणाऱ्या त्या ऑफिसला मी पत्र लिहिलं. माझ्या इंग्रजीत, चुका असतील तशा. फोटोतले जोड माझे आहेत, व्हिडिओतला जोड मारणारा मी आहे, मला समोर बसवा आणि काय विचारायचं ते विचारा. उत्तर आलेलं नाही. अनिकेतला पुढची तारीख मिळाली म्हणतात. त्याने त्या पिवळ्या जाकिटातला फोटो मोबाइलवर टाकला आहे, खाली दोनशे लोकांनी अभिनंदन लिहिलंय. मी सगळे दोनशे वाचले.

हेवा वाईट, म्हणतात. सोडून दे, म्हणतात. शेडमधले म्हणतात, नशिबात असेल ते मिळेल. मी सोडणार नाही. हेवा गेला तर मी पुन्हा हसायला लागेन, जाकिटाच्या दिवशी हसलो तसा. मला तो हसणारा माणूस परत नको आहे.

गेल्या सोमवारी मी चंद्रपूरला कामगार कार्यालयात गेलो. सात वर्षांच्या पगाराच्या जेवढ्या स्लिपा होत्या तेवढ्या नेल्या. माझ्या मोबाइलमधले जोडांचे फोटो छापून नेले. खिडकीमागच्या बाबूने अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, "पद काय लिहू?"

"वेल्डर."

त्याने एक स्लिप उलटीसुलटी केली. "इथे तर हेल्पर आहे."

"ते मालकानं लिवलं. तेच खोटं हाये, म्हणून तं आलो. तुम्ही वेल्डर लिवा."

"मालक येऊन नाकारेल. तारखा पडतील. वर्ष-दोन वर्षं जातील," तो म्हणाला. त्याने हे चांगल्या मनाने सांगितलं.

"पडू द्या. प्रत्येक तारखेले येतो. मालकाच्या पोरालेबी बोलवा अन् मलेबी बोलवा. दोघायच्या हातात होल्डर द्या अन् पाहा."

मागे रांग लागली होती. कोणीतरी ओरडलं, आटपा लवकर. मी खिडकीवरचा हात काढला नाही. बाबूने माझ्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागला. तो पूर्ण शब्द लिहीपर्यंत मी त्याच्या पेनावरची नजर हलवली नाही.